ठिबक बसवलं म्हणजे पाणी वाचलं, असं नाही

शेतीच्या पाण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला जातं, म्हणून ठिबक सिंचन वाढवा. आकडा बरोबर, पण उपाय अर्धाच सांगितलाय. पाटाने दिलेल्या पाण्यातलं बरंचसं झिरपून पुन्हा जमिनीखाली जातं. ठिबकमुळे ते झिरपणं बरंचसं थांबतं, आणि हातात उरलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी रान भिजवतो किंवा जास्त पाण्याचं पीक घेतो. त्यात त्याचं काय चुकलं? कोणीही हेच करेल. फक्त विहिरीची पातळी काही वर येत नाही.

उपशावर मर्यादा घातल्याशिवाय हे गणित सुटत नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या शेरिडन काउंटीत ओगलाला भूजलसाठा आटत चालला होता. तिथल्या शेतकऱ्यांनी २०१३ पासून स्वतःहून पाच वर्षांत मिळून एकरी ५५ इंच (म्हणजे रानावर तेवढ्या उंचीचं साचेल इतक्या) पाण्याची मर्यादा मान्य केली. कोणत्या वर्षी किती वापरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. काहींनी मक्याऐवजी ज्वारी, गहू घेतला, बहुतेकांनी पिकाला गरज असेल तेव्हाच पंप चालवला (हे आधी का होत नव्हतं, कोण जाणे!). उपसा ठरल्यापेक्षाही जास्त घटला. उत्पन्न थोडं कमी आलं, पण खर्चही कमी झाल्याने नफ्याला फारसा फटका बसला नाही.

ठिबकला अनुदान द्यायचं तर जरूर द्या, पण आधी प्रत्येक पंपाला मीटर बसवा.