एक चिप मागितली, अख्खं खानदान दाखवलं

मले सांगा, शेतातल्या एका मोटारीपायी किती चिपा पाह्याव्या माणसानं? काम काय, तर कपाशीतला ओलावा मोजायचा अन् रात्री थ्री फेज आली की मोबाईलवर खबर द्यायची. बस्स! ईएसपी३२ घ्या म्हणतात, म्हणजे सेन्सर अन् स्विच सांभाळणारी छोटी कॉम्प्युटर चिप. कोणता ईएसपी३२, बाप्पा? साधा, एस२, एस३, सी३, सी६ का एच२?

एस२ मध्ये ब्लूटूथच नाही. एच२ मध्ये तर वायफायच नाही! नाव मात्र दोघांचंही ईएसपी३२. सी३ स्वस्त, पण कोअर (चिपचा मेंदू) एकच अन् पिना मोजक्या. मग घ्या साधाच! तर वायफाय चालू केलं की एडीसी२च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर सेन्सर वाचता येत नाही. ३४ ते ३९ नंबरच्या पिना फक्त इनपुटच्या, त्यांच्यावरून रिले (विजेवर चालणारा स्विच) चालतच नाही. हे पाकिटावर छापायले काय शाई संपली होती?

अन् ती दुसरी चिप, एटीमेगा३२८? मागं ‘पी’ आहे का नाही, यावरून सिग्नेचर (चिपचा ओळख नंबर) बदलते अन् प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम टाकणारं यंत्र) अडून बसते. एका अक्षरासाठी! सातबाऱ्यावर नाव चुकलं तरी तलाठी एवढा भाव खात नाही.

नागपूरच्या दुकानदाराले विचारलं, तर म्हणते, “भाऊ, स्टॉकमध्ये हाये तो घेऊन जा, सगळे सारखेच.” सारखेच! अन् डेटाशीट (चिपची माहितीपुस्तिका) वाचा म्हणणारे तर वेगळेच. शेकडो पानं इंग्रजीत. तेवढा वेळ लाईन राहते का आमच्याइकडे?