सिन्स की फॉर?

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने व्हॉट्सॲपवर नोकरीच्या अर्जाचा मसुदा पाठवला. ती परिचारिका आहे आणि तिला परदेशातल्या एका रुग्णालयात अर्ज करायचा होता. मसुद्यातले पहिलेच वाक्य होते, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.’ खाली तिने विचारले होते, “सर, इथे सिन्स येईल की फॉर? माझा दर वेळी गोंधळ होतो.”

मी तिला नियम सांगितला नाही. तेच वाक्य आधी मराठीत लिहायला सांगितले. तिने लिहिले, ‘मी इथे तीन वर्षांपासून काम करते आहे.’ गोंधळाचे मूळ याच वाक्यात आहे. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘तीन वर्षांपासून’ही म्हणतो. काम कधी सुरू झाले हे सांगायलाही ‘पासून’ आणि किती काळ लोटला हे सांगायलाही ‘पासून’. इंग्रजीने ही दोन कामे दोन शब्दांना वाटून दिली आहेत. मग मी तिला विचारले की ‘पासून’ काढून ‘गेली’ हा शब्द घातला तर वाक्य बसते का? ‘गेली तीन वर्षे मी इथे काम करते आहे’ हे बसते, म्हणून तिथे ‘फॉर’ येते. ‘गेली सोमवार मी काम करते आहे’ हे कानाला लगेच खटकते, म्हणून सोमवारला ‘सिन्स’ लागते. राहिले क्रियापद. मराठीत ‘करते आहे’ एवढ्यावर भागते, परंतु काम मागे सुरू होऊन आजही चालू आहे हे इंग्रजीला क्रियापदातच दाखवावे लागते, म्हणून ‘ॲम वर्किंग’च्या जागी ‘हॅव बीन वर्किंग’ हवे. पाच मिनिटांत तिने वाक्य दुरुस्त करून पाठवले आणि मी न सांगता पुढच्या परिच्छेदातली तशीच दोन वाक्येही सुधारली.

मी एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत बावीस वर्षे इंग्रजी शिकवले. तेवढ्या अनुभवावरून मला मनापासून वाटते की आपल्या मुलांच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका अज्ञानातून किंवा आळसातून होत नाहीत. ती मराठी व्याकरणाने बरोबर चाललेली वाक्ये असतात, फक्त शब्द इंग्रजी असतात. अशा चुकीवर लाल रेघ मारून उपयोग होत नाही. मराठी वाक्य शेजारी ठेवून दोन भाषांची वाट कुठे वेगळी होते ते दाखवावे लागते. पण एका प्रशिक्षण वर्गात आम्हाला सांगण्यात आले होते की इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही उच्चारू नका. ते मला तेव्हाही पटले नव्हते. ऐकण्या-बोलण्याच्या सरावासाठी इंग्रजी वातावरण हवे, यात शंका नाही. मात्र मूल ‘असे का?’ असा प्रश्न घेऊन उभे असताना त्याला अर्धवट कळणाऱ्या भाषेत उत्तर देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून असे. वर्षे वाढली, तरी माझ्याकडे येणारे प्रश्न जुनेच आहेत.

‘डिस्कस अबाउट’ हेच पाहा. आपण विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, त्यामुळे ‘अबाउट’ आपोआप येते. इंग्रजीत मात्र ‘डिस्कस’ हे क्रियापद विषयाला थेट कर्म म्हणून घेते, ‘वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम’. गंमत अशी की ‘डिस्कशन’ या नामापुढे ‘अबाउट’ चालते, आणि ते कानावरून गेलेले असल्यामुळे चूक अधिक पक्की होते. ‘मॅरीड विथ’ही तसेच. आपल्याकडे लग्न कोणाशी तरी होते, आणि त्या ‘शी’चे मुलांनी ‘विथ’ केलेले असते. इंग्रजीत तिथे ‘टू’ लागते.

याहून खोल रुजलेली चूक प्रश्नार्थक वाक्यांची आहे. ‘तो कुठे आहे?’ हा प्रश्न आणि ‘तो कुठे आहे ते मला माहीत नाही’ हे विधान, या दोन्हींत आपल्याकडे शब्दांचा क्रम तोच राहतो. म्हणून मुलगा शिकवलेला प्रश्न जसाच्या तसा उचलून पुढच्या वाक्यात ठेवतो, ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही.’ इंग्रजीत प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या आधी येते, पण तोच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की कर्ता पुन्हा पुढे येतो, ‘व्हेअर ही इज’. हे मराठीच्या तुलनेने एकदा दाखवले की सातवीतल्या मुलालाही कळते.

‘अ’ आणि ‘ॲन’च्या बाबतीत तर देवनागरी हीच आपली शिकवणी आहे. पुढे स्वर आला की ‘ॲन’ हा नियम मुले पाठ करतात, इंग्रजी स्पेलिंगमधले पहिले अक्षर पाहतात आणि फसतात. तोच शब्द देवनागरीत लिहून पाहावा. ‘अवर’ अ-ने सुरू होतो म्हणून ‘ॲन अवर’, ‘युनिव्हर्सिटी’ य-ने सुरू होते म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘वन-रुपी कॉइन’ला व आहे म्हणून ‘अ’, आणि ‘एमएलए’ला ए आहे म्हणून ‘ॲन एमएलए’. नियम उच्चाराचा आहे, आणि आपली लिपी उच्चारानुसार लिहिली जाते. आमच्या भागातले जुने लोक ‘एम’ला ‘यम’ म्हणत, त्यांना मात्र आधी उच्चार सुधारावा लागेल.

या खऱ्या चुकांकडे दुर्लक्ष करून आपण भलत्याच गोष्टींचे गुण कापतो, याचे मला फार वाईट वाटते, कारण पहिली काही वर्षे मीही ते केले आहे. वाक्याच्या शेवटी ‘फ्रॉम’, ‘विथ’ यांसारखा शब्द येऊ नये, असे मी ठासून सांगत असे. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातल्या अशा रचनेवर आक्षेप घेतला आणि पुढे त्याचा नियम झाला. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ हे वाक्य दुसऱ्या कोणत्या रीतीने सहज म्हणता येईल? ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक’ यातल्या ‘देअर’वरही, ते अनेकवचनी सर्वनाम म्हणून, मी लाल रेघ मारली आहे. एका व्यक्तीसाठी हे सर्वनाम वापरण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. ज्या मुलाला ‘डिड यू वेंट’ चुकीचे का ते कळलेले नाही, त्याचे असल्या वादात गुण कापणे योग्य नाही.

आपल्याकडच्या शब्दांचीही उगीच लाज बाळगू नये. ‘प्रीपोन’ हा शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. बैठक अलीकडे आणली हे एका शब्दात सांगणारा तो शब्द मी बिनदिक्कत वापरतो. ‘पास्ड आऊट फ्रॉम कॉलेज’ मात्र परदेशी अर्जात लिहू नये, कारण तिकडे त्याचा पहिला अर्थ शुद्ध हरपणे असा घेतला जातो. माझ्या विद्यार्थिनीच्या मसुद्यात तेही होते. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ लिहायला मी सांगितले.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. ‘द’ या छोट्या शब्दाशी मराठीची सोबत अर्ध्या वाटेपर्यंतच पुरते. ‘एक माणूस आला, तो माणूस म्हणाला’ यातल्या ‘एक’ला ‘अ’ आणि ‘तो’ला ‘द’, इथपर्यंत जमते. पण आपण ‘तो सूर्य उगवला’ म्हणत नाही, आणि इंग्रजीत ‘द सन’ म्हणावेच लागते. नदीला ‘द गोदावरी’ आणि शिखराला नुसते ‘माउंट एव्हरेस्ट’ असे का, हे मराठीतून समजावता येत नाही. तिथे कानाला सवय लावावी लागते. त्यासाठी मी वर्गात रोज इंग्रजीचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावत असे, आणि परवा रात्री त्या मुलीलाही तेच सांगितले.