शिव्या कुणाला, सह्या कशावर

उजव्या लोकानुनयी पुढाऱ्यांवर टीका करताना आम्ही डावी मंडळी सतत त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. आज कोण काय बरळलं, कुणाला देशद्रोही म्हणालं, कुठल्या समाजाची टिंगल केली. सकाळी एक क्लिप येते, दुपारपर्यंत आम्ही संतापतो, संध्याकाळी नवी क्लिप हजर. त्यांना नेमकं हेच हवं असतं. माझं म्हणणं एवढंच की तोंड बघायचं सोडा, हात बघा. शिव्या कुणाला दिल्या ते सगळ्या जगाला पाठ असतं, पण त्याच सुमारास सह्या कशावर झाल्या असं विचारलं तर भलेभले गप्प होतात.

पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

सुरुवात हंगेरीपासून, कारण या पंथाची पंढरी तीच. व्हिक्टर ऑर्बान २०१० साली दोन तृतीयांश बहुमताने सत्तेवर आले आणि पुढे जगभरातले उजवे त्यांच्याकडे धडे घ्यायला जाऊ लागले. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथे रस्तोरस्ती एकाच माणसाचे हसरे फोटो झळकले. जॉर्ज सोरोस, मूळचा हंगेरियन, ज्यू, अब्जाधीश, निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थांना देणग्या देणारा. मजकुराचा आशय असा की शेवटचं हसू याला हसू देऊ नका. खर्च अर्थातच सरकारी तिजोरीतून. (ऑर्बान स्वतः १९८९ मध्ये याच सोरोसच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाऊन आले होते. असो.) २० जून २०१८ ला, म्हणजे मुहूर्त काढून जागतिक निर्वासित दिनीच, तिथल्या संसदेने 'सोरोसला रोखा' या नावाने गाजलेले कायदे मंजूर केले. आश्रयाचे अर्ज करायला निर्वासितांना मदत केली तर तुरुंगवास होऊ शकेल अशी तरतूद त्यात होती. जगभरच्या वर्तमानपत्रांत मथळे आले, निषेध झाले.

आता हात बघा. सहा महिनेही झाले नव्हते, १२ डिसेंबर २०१८ ला त्याच संसदेने कामगार कायदा बदलला. ओव्हरटाइमची वर्षाची मर्यादा २५० तासांवरून ४०० तासांवर नेली. आठ तासांची पाळी धरली तर हे झाले ५० दिवस, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक दिवस जास्तीचा. आणि त्या तासांचा हिशेब चुकता करायला मालकाला तीन वर्षांपर्यंत मुदत. लोकांनी त्याला सरळ 'गुलामी कायदा' म्हटलं. विरोधी खासदारांनी सभागृहात शिट्ट्या फुंकल्या, अध्यक्षांच्या आसनाकडे जाणारी वाट अडवली, तरी कायदा झालाच. सरकारचा बचाव असा की हे सगळं कामगाराच्या राजीखुशीने होणार आहे. ज्या गावात एकच मोठा कारखाना असतो, तिथे साहेबाने पुढे सरकवलेल्या कागदावर 'नाही' लिहिणारा माणूस मला दाखवा.

पण खरी गोम पुढेच आहे. एवढे जादा तास हवे कशाला होते? तर कामाला माणसं मिळत नव्हती. तरुण कामगार चांगल्या पगारासाठी ऑस्ट्रिया-जर्मनीला निघून गेलेले. बाहेरून माणसं येऊ द्यायची नाहीत, ही तर सरकारचीच गर्जना. आणि जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने मात्र थांबता कामा नयेत. मग उरलं कोण? जे मागे राहिले ते. त्यांचेच तास वाढवा. परक्यांविरुद्धचं पोस्टर आणि आपल्यांच्या माथ्यावरचा ओव्हरटाइम, दोन्हींचा हिशेब एकाच वहीत होता. (पुढे बॅटरीच्या कारखान्यांसाठी याच सरकारने आशियातून कंत्राटी कामगार आणले. तेव्हा पोस्टर लागली नाहीत.)

करांचं तर विचारूच नका. २०१२ पासून हंगेरीत मूल्यवर्धित कराचा मूळ दर २७ टक्के, युरोपीय संघात सगळ्यात जास्त. २०१७ पासून कंपन्यांच्या नफ्यावरचा कर ९ टक्के, युरोपीय संघात सगळ्यात कमी. साबणाची वडी घेणारी बाई २७ टक्क्यांनी भरणार आणि कोट्यवधींचा नफा कमावणारी कंपनी ९ टक्क्यांनी. बेकारी भत्ता पूर्वी नऊ महिन्यांपर्यंत मिळायचा, तो २०११ मध्ये तीन महिन्यांवर आणला. ऑर्बान यांचं बालपण ज्या फेल्चुत गावात गेलं तिथे वस्ती दोन हजारांच्या आत, आणि फुटबॉलचं स्टेडियम जवळपास ३,८०० आसनांचं. त्या गावचे एकेकाळचे महापौर लोरिंत्स मेसारोश, ऑर्बान यांचे जुने स्नेही, धंद्याने गॅसजोडणी करणारे, बघता बघता देशातले सर्वात श्रीमंत गृहस्थ झाले. आपल्या भरभराटीत देव, नशीब आणि व्हिक्टर ऑर्बान यांचा हात आहे, असं त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. निदान प्रामाणिक माणूस म्हणायचा.

'प्रस्थापितांविरुद्ध जनता' म्हणतात ती ही.

मुळात हे प्रस्थापितविरोधी योद्धे येतात कुठून? ट्रम्प बांधकामसम्राटाचे चिरंजीव. ब्रिटनचे नायजेल फराज लंडनच्या बाजारात धातूंचे सौदे करणारे दलाल. ब्राझीलचे बोल्सोनारो व्यवस्थेबाहेरचा माणूस म्हणून २०१८ मध्ये निवडून आले, तेव्हा ते २७ वर्षं खासदार होते! आणि सत्तेवर आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी मार्गी लावलेलं मोठं काम म्हणजे निवृत्तिवेतनाच्या अटी कडक करणं.

ट्रम्प यांच्याकडे जरा नीट बघायला हवं. २०१६ च्या पक्ष अधिवेशनात त्यांनी विसरल्या गेलेल्या कष्टकऱ्यांना सांगितलं, मी तुमचा आवाज आहे. पहिल्या कारकिर्दीत त्यांच्या हातून झालेला सगळ्यात मोठा कायदा डिसेंबर २०१७ चा, करकपातीचा. कंपन्यांचा कर ३५ वरून २१ टक्के, तोही कायमचा. सामान्य करदात्यांना दिलेल्या बहुतेक सवलती मात्र २०२५ पर्यंतच. लबाडी अशी तारखांत लपलेली असते. दुसऱ्या खेपेला ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यात पुन्हा तेच. टिपवर कर नाही, ही प्रचारसभेतली टाळ्यांची घोषणा. ती सवलत मर्यादित आणि २०२८ अखेर संपणारी. दीड कोटी डॉलरपर्यंतची इस्टेट वारसांना करमुक्त, ही तरतूद मात्र कायमची. गरिबांसाठीच्या मेडिकेड या आरोग्य योजनेला कामाची अट जोडली आणि ती देशभर सक्तीची होण्याची तारीख ठेवली २०२६ च्या नोव्हेंबरातली निवडणूक उरकल्यानंतरची. अमेरिकी संसदेच्या स्वतःच्या अर्थसंकल्प कार्यालयाने हिशेब मांडलाय. या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे १ कोटी लोक आरोग्य विम्याबाहेर पडतील. तळातल्या दहा टक्के कुटुंबांना वर्षाला सरासरी सुमारे १,२०० डॉलरचा फटका बसेल, वरच्या दहा टक्क्यांना सुमारे १३,६०० डॉलरचा लाभ होईल. हे कुठल्या लाल बावटेवाल्यांचे आकडे नाहीत.

हा कायदा संसदेत पुढे सरकत होता तेव्हा टीव्हीवर काय होतं? लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर उतरवलेले सैनिक आणि कामाच्या ठिकाणाहून उचलून नेले जाणारे स्थलांतरित मजूर. इथे एक खबरदारी. 'हे सगळं लक्ष विचलित करण्यासाठी' असं म्हणून हात झटकायची सवय आमच्यात आहे, ती मला पटत नाही. ज्याला उचललं त्याच्या बायकोपोरांसाठी तो तमाशा नसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तेव्हा चोर सुटतो हे तर आहेच, पण संन्याशी खरोखर मरतो. दोन्ही बोललं पाहिजे.

इटलीत जॉर्जा मेलोनी यांच्या मंत्रिमंडळाने गरीब कुटुंबांचा 'नागरिक भत्ता' मोडीत काढणाऱ्या वटहुकमाला मंजुरी दिली ती २०२३ च्या १ मे रोजी. दिवस बघा! जुलैअखेर सुमारे १ लाख ६९ हजार कुटुंबांना कळवलं गेलं की तुमचा भत्ता थांबतोय. कळवलं कसं, तर मोबाइलवर एसएमएस पाठवून. अर्जेंटिनात हाविएर मिले यांत्रिक करवत नाचवत आले, राजकारण्यांच्या टोळीला कापून काढतो म्हणाले. सप्टेंबर २०२४ मध्ये संसदेने पेन्शनरांसाठी मंजूर केलेली वाढ त्यांनी नकाराधिकार वापरून अडवली. तो नकाराधिकार ज्या ८७ खासदारांच्या मतांवर टिकला, त्यांना मिले यांनी वीरपदवी बहाल केली आणि अध्यक्षीय निवासस्थानी त्यांच्यासाठी भाजलेल्या मांसाची जंगी मेजवानी झाली. म्हाताऱ्यांच्या ताटातलं काढून घेतलं म्हणून पंगत, यावर आणखी काय लिहायचं.

आणि आपल्याकडे? सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला, नव्या कारखानदारीला १५ टक्के. तिजोरीचं वर्षाचं १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न बुडेल, हा सरकारचाच अंदाज होता. त्यानंतर दोनच दिवसांनी ह्यूस्टनला मोदी आणि ट्रम्प हातात हात घालून स्टेडियमला फेरी मारत होते, आपण ती बघत होतो. पुढच्या वर्षी, २०२० च्या सप्टेंबरात, तीन कामगार संहिता लोकसभेत २२ ला आणि राज्यसभेत २३ ला मंजूर झाल्या. विरोधकांचा बहिष्कार होता, चर्चा जेमतेम. कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची अट पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होती, ती ३०० वर गेली. म्हणजे २५० कामगारांच्या कारखान्याचा मालक आता कुणाला न विचारता कपात करू शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या लागूही झाल्या. त्या सप्टेंबरात वृत्तवाहिन्यांवर काय चाललं होतं आठवतंय? एका अभिनेत्याचा मृत्यू आणि बॉलिवूडमधल्या अमली पदार्थांचा तपास, दिवसरात्र. कामगार संहितांवर एक तरी रात्रीची चर्चा पाहिल्याचं तुम्हाला आठवत असेल तर सांगा.

या सगळ्यावर एक खणखणीत आक्षेप आहे आणि तो पोलंडमधून येतो. तिथल्या 'कायदा आणि न्याय' या उजव्या पक्षाने २०१६ पासून दुसऱ्या आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलामागे दरमहा ५०० झ्लॉटी थेट आईबापांच्या हातात द्यायला सुरुवात केली. २०१९ मध्ये पहिल्या मुलालाही. निवृत्तीचं वय आधीच्या उदारमतवादी सरकारने वाढवलं होतं, ते यांनी पुन्हा खाली आणलं. म्हणजे यांनी खरंच दिलं. आमच्यातले काही जण तेव्हा 'मतं विकत घेतली' म्हणाले. मला ते अत्यंत उर्मट वाटतं. गरीब घरात मुलांच्या बुटांना पैसे आले, तर ती लाच आणि कंपनीला करमाफी मिळाली, तर ते गुंतवणुकीला प्रोत्साहन? त्या पक्षाने न्यायालयं ताब्यात घेतली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांच्या मर्जीतल्या घटना न्यायाधिकरणाने गर्भपाताचा अधिकार जवळपास संपवला. एका हाताने भत्ता आणि दुसऱ्या हाताने बाईच्या शरीरावर ताबा. २०२३ च्या ऑक्टोबरात विक्रमी मतदान झालं आणि त्यांची सत्ता गेली. पण मधली आठ वर्षं ते टिकले ते त्या ५०० झ्लॉटींच्या जोरावर, हे मान्य करायला हवं. आणि मग प्रश्न आमच्याकडे वळतो. ते पैसे द्यायचं आधी कुणाला सुचलं नव्हतं?

हे नेते आभाळातून पडत नाहीत. आयत्या बिळावर नागोबा, पण बीळ कुणी केलं? हंगेरीत २००६ मध्ये समाजवादी पंतप्रधान फेरेंत्स ज्युर्चान्य यांचं पक्षांतर्गत भाषण फुटलं. त्यात निवडणूक जिंकण्यासाठी आपण सकाळ-संध्याकाळ-रात्र खोटंच बोललो, अशी कबुली होती. त्यानंतर चार वर्षांनी ऑर्बान आले. जर्मनीत बेकारांचे भत्ते कापणाऱ्या सुधारणा सोशल डेमोक्रॅट पक्षाच्याच चॅन्सलरने केल्या. ग्रीसमध्ये ५ जुलै २०१५ ला ६१ टक्के लोकांनी काटकसरीच्या अटींना 'नाही' म्हटलं आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच डाव्या सरकारने त्याहून कडक अटी मान्य केल्या. लोकांचा राग खोटा नव्हता. त्या रागाला आम्ही दार उघडलं नाही, शेजारच्याने उघडलं आणि आत घेतल्यावर भलताच पत्ता हातात ठेवला.

म्हणून मतदाराला अडाणी, भक्त, मेंढरं म्हणण्याचा आमच्या कंपूचा छंद मला अलीकडे सहनच होत नाही. ज्याची पाळी बारा तासांची झालीय त्याला सभ्यतेचे धडे देऊन काय होणार? त्याच्याशी पाळीबद्दल बोला.

ज्युर या हंगेरियन शहरात आउडीचा इंजिनांचा प्रचंड कारखाना आहे. गुलामी कायदा झाल्यावर दीडेक महिन्यातच, जानेवारी २०१९ च्या अखेरीस, तिथले हजारो कामगार संपावर गेले. मागणी साधी होती, पगार वाढवा. संघटनेने देश, धर्म, सोरोस यांतलं काही मध्ये आणलं नाही. काही दिवसांतच तिकडे जर्मनीत इंगोलश्टाटला इंजिनं पोहोचेनात, मोटारी जोडायची लाइन बंद पडली. एक आठवडा संप चालला. व्यवस्थापनाने १८ टक्के पगारवाढ मान्य केली.