‘प्राथमिकच्या मुलांना डेटाबेस कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

शिक्षक-पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्राथमिकच्या मुलांना ऑनलाइन डेटाबेसमध्ये, म्हणजे तपासलेल्या लेखांच्या संग्रहात, माहिती शोधायला शिकवण्यात वेळ घालवू नका. आजची मुलं जन्मतःच डिजिटल आहेत, गूगलवर सगळं मिळतं, डेटाबेस कॉलेजात लागतात, लहानांना ते जमत नाहीत, आता तर एआय थेट उत्तर देतं आणि नाहीतरी पुस्तकं आहेतच. शाळेच्या ग्रंथालयात मी रोज याच वयाच्या मुलांसोबत बसते. असे मजकूर वाचूनच ग्रंथालयाच्या तासाला कात्री लागते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘मुलं जन्मतःच डिजिटल आहेत.’
‘डिजिटल नेटिव्ह’ (जन्मतःच डिजिटल) हा शब्द अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये रूढ केला आणि तो लोकांच्या मनात घट्ट बसला. पण स्क्रीनवर बोट सराईतपणे फिरलं म्हणून समोरचं खरं की खोटं हे कळतंच असं नाही. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक बनावट वेबसाइट १९९८ पासून इंटरनेटवर आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात संशोधक डोनाल्ड ल्यू यांच्या गटानं ती सातवीतल्या २५ मुलांना दाखवली. जवळजवळ सगळ्यांनी ती खरी मानली. सगळं बनावट आहे असं सांगितल्यावरही काही जण ऐकेनात. ही वाचनात चांगली असलेली, सातवीतली मुलं होती. तिसरी-चौथीच्या मुलांकडून आपण कसली अपेक्षा करतोय?

‘गूगलवर सगळं मिळतं.’
मिळतं, आणि अडचण तिथेच आहे. अजगरावर प्रकल्प करणारं मूल ‘पायथन’ हे त्याचं इंग्रजी नाव टाकतं आणि समोर प्रोग्रॅमिंगच्या भाषेची पानंच्या पानं येतात. मुलांसाठीच्या डेटाबेसमध्ये तोच शब्द टाकला तर साप येतो, चित्रासकट, त्याच्या वाचनाच्या पातळीला झेपेल अशा वाक्यांत. खुल्या शोधात वर पैसे देऊन लावलेले निकालही असतात, आणि मुलं तर पहिल्याच निकालावर बोट ठेवतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालात माध्यमिक वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना बातमीसारखी मांडलेली जाहिरात खरी बातमी वाटली होती, आणि त्या जाहिरातीवर ‘प्रायोजित’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

गूगल कधीच नको असं मी म्हणत नाही. क्रम कोणता, एवढाच प्रश्न आहे. आधी तपासलेल्या, मोजक्या लेखांत शोधायची सवय लागू द्या. खरं कसं दिसतं हे डोळ्याखालून गेलेलं असलं की खोटं खटकायला लागतं.

‘डेटाबेस कॉलेजसाठी असतात.’
इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. जेस्टोरसारखा शोधनिबंधांचा संग्रह आठ वर्षांच्या मुलासमोर कोणी ठेवत नाही. मुलांसाठीचे डेटाबेस वेगळे असतात. त्यातला पेबलगो हा पहिली-दुसरीच्या वयासाठीच बनवला आहे आणि त्यातले लेख वाचूनही दाखवले जातात. ब्रिटानिका स्कूल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये प्राथमिक ते उच्च माध्यमिक असे तीन स्तर आहेत.

‘लहान मुलांना शोधताच येत नाही.’
हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच त्यावर थांबायला हवं. तिसरीतल्या एका मुलीला गांडुळाला डोळे असतात का, हे हवं होतं. तिनं अख्खा प्रश्न, प्रश्नचिन्हासकट, शोधायच्या चौकटीत टाकला. एकही निकाल नाही. माझ्याकडे बघून ती म्हणाली, “बाई, याला माहीतच नाही.” मी विचारलं, “तुझ्या प्रश्नातला एकच शब्द ठेवायचा झाला तर कुठला ठेवशील?” तिनं आधी ‘डोळे’ ठेवला. माणसाचे डोळे आले. मग ‘गांडूळ’. लेख आला, पण डोळ्यांचं नाव नाही. ती उपशीर्षकं वाचत खाली गेली, ‘शरीर’ या भागापाशी थांबली आणि तिथे उत्तर होतं: डोळे नसतात, पण त्वचेतल्या पेशींना उजेड कळतो.

यात बारा मिनिटं गेली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ती वाया गेलेली वाटतील. पण प्रश्नातून कळीचा शब्द वेचणं, तो चुकला तर बदलणं, शीर्षकावरून आत काय असेल याचा अंदाज बांधणं हे सगळं तिनं त्या बारा मिनिटांत केलं. हा भाषेचाच अभ्यास आहे. स्पेलिंग चुकलं की बरेच डेटाबेस गूगलइतकं सांभाळून घेत नाहीत, हेही खरं. त्यासाठी शेजारी मोठं माणूस लागतं. लॉगिन देऊन वर्गाबाहेर पडणाऱ्या शाळेत हे फसणारच, पण तो दोष डेटाबेसचा नाही.

एक अडचण मात्र मला मान्य आहे. यातले बहुतेक संग्रह इंग्रजीत आहेत आणि अनेकांना वर्गणी लागते. काहींत भाषांतराचं बटण असतं, पण ते शिक्षकाची जागा घेत नाही.

‘एआय थेट उत्तर देतं.’
चॅटजीपीटी वापरण्याची किमान वयोमर्यादा त्याच्या स्वतःच्या अटींनुसार १३ वर्षं आहे. प्राथमिकची मुलं तिथेच बाद होतात. शिवाय ते चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं. डेटाबेसमधल्या लेखाखाली बहुधा संदर्भ तयार असतो. माझ्याकडे तिसरीपासून मुलं तो वहीत उतरवून घेतात. उत्तर कुठून आणलं हे सांगायची सवय या वयात सहज लागते. मोठेपणी लावायला गेलं की मुलं कुरकुरतात.

‘पुस्तकं आहेत की.’
आहेत, आणि मला ती जास्त प्रिय आहेत. पण भांडण कुणाचं आहे? त्याच मुलीनं नंतर कपाटातून कीटक-प्राण्यांचं एक जाड पुस्तक काढलं. पूर्वी ती चित्रं बघत पहिल्या पानापासून पानं उलटायची. त्या दिवशी तिनं थेट मागची सूची उघडली, ‘ग’ वर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “बाई, गांडूळ झोपतं का, हे कुठल्या शब्दाखाली असेल?”