टकलाचे आजोळ

माझा भाचा २६ वर्षांचा आहे. तो वाकडला भाड्याने राहतो, रोज दुचाकीने हिंजवडीला जातो आणि गेल्या वर्षभरात त्याच्या कपाळावरचे केस दोन्ही बाजूंनी मागे सरकले आहेत. याचा दोष त्याने सोसायटीत येणाऱ्या टँकरच्या जड पाण्याला आणि हेल्मेटला देऊन टाकला असून नळाला फिल्टर, कांद्याचा रस आणि माक्याचे तेल असा खटाटोप चालवला आहे. हेल्मेट टाळण्यासाठी आम्ही पुणेकरांनी आजवर जी कारणे शोधली, त्यांत केसांचे कारण फार जुने आहे, त्यामुळे एकट्या त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

मात्र एका साध्या प्रश्नाचे उत्तर या दोन्ही कारणांतून मिळत नाही. हेल्मेट कानांच्या वर आणि डोक्याच्या मागेही तितकेच घट्ट बसते, पाणी तर सगळ्याच डोक्यावरून वाहते. मग केस कपाळापासून आणि भोवऱ्यापासूनच का जातात आणि मागची झालर म्हातारपणापर्यंत का टिकते?

उत्तर केसांच्या मुळांत आहे. पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर ५-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर (एन्झाइम) डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात (हॉर्मोनमध्ये) करते. डोक्याच्या पुढच्या आणि माथ्यावरच्या ज्या मुळांना याची उपजत संवेदनशीलता असते, तिथे केसाच्या वाढीचा काळ, जो एरवी २ ते ६ वर्षांचा असतो, प्रत्येक चक्रागणिक आखडत जातो, केस बारीक आणि आखूड होतो आणि शेवटी त्या जागी केवळ लव उरते. गंमत अशी की, हेच संप्रेरक दाढीचे केस मात्र दाट करते. टक्कल पडलेल्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन इतरांहून अधिक असते, असेही नाही; फरक मुळांच्या संवेदनशीलतेत आहे.

जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये दाखवले की, वयात येण्याआधीच अंडकोष गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले की, ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात, आणि ते बंद केले की गळती थांबते, मात्र गेलेले केस परत येत नाहीत. म्हणजे संप्रेरक आणि आनुवंशिकता ही दोन्ही एकत्र यावी लागतात. पुढे १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्या पुरुषांत या विकराची जन्मजात कमतरता होती, त्यांच्यात अशा प्रकारचे टक्कल आढळले नाही. फिनास्टेराइड हे औषध याच विकराला रोखते.

आनुवंशिकतेबाबत आपल्याकडे ‘मामाचे डोके बघा’ असे सांगतात, आणि मी मामाच असल्याने भाच्याची नजर माझ्या डोक्यावर फार वेळ रेंगाळते, हे मला दिसते. त्यात तथ्य आहे, कारण या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीचे (पेशीतल्या रिसेप्टरचे) जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते. तरीही सगळा दोष आजोळच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. सुमारे ५२,००० पुरुषांच्या २०१७ च्या एका अभ्यासात टकलाशी संबंधित २८७ जनुकीय जागा सापडल्या आणि त्यांतील बहुतेक एक्स गुणसूत्राबाहेर होत्या, म्हणजे वडिलांकडूनही येऊ शकणाऱ्या. माझे मेहुणे हे ऐकून गप्प बसले.

डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस मुठीने गळतात तो प्रकार निराळा, आणि ते केस सहसा परत येतात. भाच्याचे तसे नाही. त्याच्या केसांची मुळे दर चक्रात बारीक होत आहेत, आणि औषधांचा उपयोग मुळे पुरती क्षीण होण्याआधी अधिक होतो. म्हणून कांद्याच्या रसात गेलेल्या वर्षाचे मला वाईट वाटते. फिनास्टेराइडचे लैंगिक दुष्परिणाम काहींना जाणवतात, औषध थांबवले की फायदाही ओसरतो, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावे, हे मी त्याला सांगितले आहे.

तरीही त्याने विचारलेच की हेल्मेटचा काहीच संबंध नाही का. तेव्हा मी त्याला केशरोपणाचे उदाहरण दिले. मागच्या झालरीतले केस मुळांसह काढून कपाळाशी लावले, तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत आणि नव्या जागी वर्षानुवर्षे वाढत राहतात, त्याच हेल्मेटखाली आणि त्याच टँकरच्या पाण्यात.