पुरस्कार मिळाला? आता भोगा

अभिनंदन! तुमच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, किंवा हवी होती ती बढती मिळाली, किंवा इतकी वर्षं कोपऱ्यात बसून केलेलं काम एकदाचं कुणाच्या तरी नजरेत भरलं. आनंद साजरा करा. आज रात्रीपर्यंत वेळ आहे. उद्या सकाळपासून तुम्ही सार्वजनिक मालमत्ता. तेव्हा नव्या आयुष्याची सवय लवकर व्हावी म्हणून या काही सूचना, अगदी फुकट. फुकट द्यायची मला आता सवयच झाली आहे.

सगळ्यात आधी फोनचा बंदोबस्त करा. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांनी २०१३ साली केला होता. नोबेल जाहीर व्हायच्या दिवशी गृहस्थ सरळ घराबाहेर पडले. मोबाइल त्यांच्याकडे नव्हताच. आपण १९६४ साली मांडलेल्या कल्पनेला नोबेल मिळालं, हे त्यांना एका जुन्या शेजारणीनं रस्त्यात गाडी थांबवून सांगितलं. तुम्हाला मात्र हे जमायचं नाही. तुमचा नंबर एव्हाना कुणीतरी प्रेमानं सगळ्या ग्रुपवर टाकलेला आहे. शुभेच्छांचा प्रत्येक फोन उचला. "ओळखलंत का?" या प्रश्नाला "हो" म्हणा. "नाही" म्हणालात तर काय होतं ते पुढे येईलच.

दुसरं, सर्वज्ञ व्हायची तयारी ठेवा. एका विषयात थोडंफार कळतं हे सिद्ध झालं की बाकी सगळ्यातलंही कळतं, असा जगाचा नियम आहे. १९५२ साली आइन्स्टाइन यांना इस्राएलचं राष्ट्राध्यक्षपद देऊ केलं होतं. माणसांशी व्यवहार करण्याचा आपला पिंडही नाही आणि अनुभवही नाही, असं सांगून त्यांनी नकार दिला. सापेक्षतावाद मांडणाऱ्या माणसाला हे कळत होतं. मला मात्र परवा एका कार्यक्रमात जागतिक अर्थव्यवस्थेच्या भवितव्यावर बोलायला सांगितलं. माझं पुस्तक कवितांचं आहे.

बढतीवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं काही नाही. शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्येच सांगून ठेवलंय की माणूस जे काम उत्तम करतो त्यावरून त्याला उचलत उचलत शेवटी न जमणाऱ्या खुर्चीत नेऊन बसवतात. बसा. मीटिंगची वेळ झाली.

पुरस्काराची रक्कम कुणाला सांगू नका. लोकांना ती तुमच्याआधी कळलेली असते, आणि खर्च कशावर करायची हेही ठरलेलं असतं.

बाई असाल तर "घरच्यांनी खूपच सांभाळून घेतलं असेल ना?" याचं हसरं उत्तर पाठ करून ठेवा.

आणि हो, ज्या कामाबद्दल पुरस्कार मिळाला ते काम ताबडतोब थांबवा. त्याला आता वेळ कुठला? विस्लावा शिंबोर्स्का या पोलिश कवयित्रीला १९९६ साली नोबेल मिळालं. त्यानंतर तिचा पुढचा नवा संग्रह यायला २००२ साल उजाडलं. तिचे मित्र त्या नोबेलला थट्टेनं शोकांतिका म्हणत. फोन इतका खणखणत होता की मदतीला आलेल्या तरुणानं म्हणे आधी कात्री मागितली आणि फोनची वायरच कापली. बाई खूश, मुलगा नोकरीवर कायम. माझ्या मते जागतिक साहित्याची यापेक्षा मोठी सेवा त्या वर्षी कुणी केली नसेल. ब्रिटिश कादंबरीकार डोरिस लेसिंग यांना २००७ मध्ये, म्हणजे सत्त्याऐंशी वर्षांच्या वयात, नोबेल मिळालं. वर्षभरात त्या वैतागून सांगू लागल्या की मुलाखती द्यायच्या आणि फोटो काढून घ्यायचे, एवढंच आता चालू असतं, लिहायला त्राण उरत नाही. मोठी माणसं म्हणून त्यांचं ऐकून तरी घेतलं. तुम्ही-आम्ही असं म्हटलं तर तो माज.

आता प्रस्तावनेबद्दल. ही सूचना लांबेल, त्याला इलाज नाही. प्रकरण ताजं आहे.

तुमच्या जुन्या ओळखीचे एक गृहस्थ असतील. एके काळी तुमच्याच कचेरीत पलीकडच्या टेबलावर बसायचे. तुमचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा "हल्ली कुणीही उठतं आणि लिहितं" असं चारचौघांत म्हणाले होते. ते तुम्ही विसरला आहात असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं, तुम्हीही धरा. पूर्वी "अगं" म्हणायचे, आता फोनवर "मॅडम" म्हणतील. तुमच्याबद्दल त्यांना पहिल्यापासूनच खात्री होती, हे कळेल. मग चारशे पानांचं हस्तलिखित येईल. मेलवर येईल, व्हॉट्सॲपवर येईल, "मिळालं ना?" असा फोन येईल. "फक्त दोन पानांची प्रस्तावना. तुम्हाला काय, हातचा मळ! सोमवारी छपाईला जायचंय." हे शुक्रवारी संध्याकाळी.

तुम्ही अगदी नम्रपणे सांगा की चारशे पानं वाचायलाच मला महिना लागेल. ते हसतील. "छे छे, वाचायचा त्रास कशाला? प्रस्तावना मीच लिहून ठेवलीय. तुम्ही नुसता होकार कळवा." आणि ती प्रस्तावना येईल. तीत तुमच्या नावावर असं लिहिलेलं असेल की हे हस्तलिखित हाती पडलं आणि मी रात्रभर जागून एका बैठकीत संपवलं, डोळे पुसत पुसत. पुढे असंही असेल की माझ्या स्वतःच्या कवितेवर या लेखकाचा किती खोल प्रभाव आहे, हे मला आज उमगलं.

माझ्या कवितेवर! यांचा! हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं टाइप करताना कर्ता आणि कर्म उलटसुलट झाले असतील. झाले नव्हते.

मी नाही म्हटलं. चार ओळींत, माफी मागून, पुस्तकाला शुभेच्छा देऊन नाही म्हटलं. अर्ध्या तासात "मॅडम"ची "तू" झाली. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." रात्री जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर त्यांचा सुविचार: काही लोकांना यश पचत नाही. पुढे हात जोडलेले. खाली पटापट अंगठे. त्यातला एक अंगठा अशा बाईंचा, ज्यांच्या मुलीचा प्रबंध मी गेल्याच महिन्यात ओळ न् ओळ तपासून दिला होता. हे सगळं चालू असताना मी त्याच ग्रुपवर होते, बरं का. मी वाचत असेन हे कुणाला सुचलंसुद्धा नाही. किंवा सुचलं होतं.

मग यशच नको, असं म्हणून बघायचंय? बघा. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना १९६५ साली भल्या पहाटे नोबेलची बातमी मिळाली, तेव्हा हे नाकारता येईल का, असं त्यांनी एका पत्रकाराला विचारलं. उत्तर मिळालं की नाकारलंत तर जास्तच गाजावाजा होईल. मुकाट्यानं घेतलं. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००६ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक नाकारलं, २०१० मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस नाकारलं. एवढी हाव नसलेल्या माणसाला तरी एकटं सोडावं की नाही? छे. वार्ताहर त्यांच्या घराशी.

तेव्हा सगळ्यांना हो म्हणा, परीक्षक व्हा, उद्घाटक व्हा, शिफारसपत्रं लिहा, व्यासपीठावर चौथ्या खुर्चीत बसून आठ जणांची भाषणं ऐका, हसत राहा, आणि...

जाऊ दे. पुरे झाला हा खेळ.

सरळ बोलते. तुम्ही अभिनंदन करता आणि त्याच वाक्यात काम सांगता, याची तुम्हाला लाज वाटत नाही का? "तुमचं पुस्तक अजून वाचायचं राहिलंय, पण" अशी सुरुवात करून स्वतःची चारशे पानं माझ्या गळ्यात मारता. मानधनाचं विचारलं तर "तुम्हाला पैशाची काय गरज?" म्हणता. माझा वेळ पुरस्कार मिळायच्या आधीही चोवीस तासांचाच होता, आजही तेवढाच आहे. समितीनं चिन्ह दिलं, तास वाढवून दिले नाहीत. आणि नाही म्हणणारी बाई लगेच चढेल ठरते. वर्षानुवर्षं मी कुणाकडे काही मागितलं नाही, तेव्हा मला नम्र म्हणायलाही कुणी आलं नव्हतं.

जबाबदारी येते, मला मान्य आहे. ती कुठली हे मला कळतं, तुम्ही शिकवू नका. तुमच्या शुभेच्छा, निमंत्रणं, आठवणी आणि आठवणींच्या आठवणी यांच्या ढिगाखाली एका मुलीची मेल पडून आहे. तिनं दोनच कविता पाठवल्या आहेत आणि एकच प्रश्न विचारलाय: दुसऱ्या कवितेतलं शेवटचं कडवं ठेवू की काढू? ती "मॅडम" म्हणत नाही, सोमवारपर्यंत म्हणत नाही, तिला माझी सही नको आहे. तिनं माझं पुस्तक वाचलंय, हे तिच्या प्रश्नावरूनच कळतं. ते कडवं काढायला हवं, आणि का काढायला हवं हे तिला नीट समजावून लिहायला मला निवांत तास-दीड तास हवा आहे. तो मला अजून मिळालेला नाही, कारण मध्ये तुम्ही आहात.

बाजूला व्हा. तिला उत्तर गेल्याशिवाय तुमच्यापैकी कुणाचाही नंबर लागणार नाही. आणि सोमवारी छपाईला जाणाऱ्या त्या पुस्तकात माझं नाव दिसलं, तर मी एक अक्षरही वाचलेलं नाही हे त्याच ग्रुपवर लिहीन, खाली अंगठा कुणी देवो न देवो.