दहिसर एकच नाही

नमस्कार. प्रवासात कागदी नकाशावर गावांची नावं वाचण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. तिच्यात तीन तक्रारी आहेत: शिळफाट्याजवळ दहिसर दाखवलं ही चूक, फोन असताना कागदी नकाशा उलगडणं म्हणजे मिरवणं आणि खेड्यांच्या नावांना हसणं हा शहरी माज.

तिसरी मान्य. शीर्षकातलं 'गमतीशीर' काढून टाकलंय.

पहिली मात्र नाही. पश्चिम रेल्वेवरचं दहिसर वेगळं. हे ठाणे तालुक्यातलं, शिळफाट्याहून पनवेलकडे जाताना लागतं ते. दहिसर मोरी म्हटलं की रिक्षावाल्यालाही कळतं. अशी जुळी आपल्याकडे ढिगाने. मानपाडा घोडबंदर रोडला आहे, डोंबिवलीतही आहे. कोन भिवंडी-कल्याणच्या मधे, दुसरं पनवेलजवळ. जुहूगाव तर चक्क वाशीत! नेरळ-नेरूळची गल्लत सांगायलाच नको. इंग्रजी स्पेलिंगात एका अक्षराचा फरक, त्यात 'ळ' गायब.

म्हणून नाव एकटं वाचू नये, शेजाऱ्यांसकट वाचावं. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तरही हेच: फोन इथेच कमी पडतो. पूर्ण रस्ता दिसावा म्हणून झूम कमी केलं की आधी पाडे गळतात, मग गावं. झूम वाढवलं की नाव येतं, शेजार जातो. कागदावर दोन्ही एकदम दिसतात.

पण कागद कुठला, हेही महत्त्वाचं. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० टोपोशीट, म्हणजे भूभागाचा तपशीलवार सरकारी नकाशा, त्यात २ सेंमीला १ किमी. पाडे, ओढे, टेकड्या सगळं असतं, पण एका शीटमध्ये जेमतेम २६-२७ किमीची पट्टी मावते. ठाण्याहून माळशेजला जायचं तर पाचेक शीट लागतील. गाडीत ते जमत नाही. गाडीत रोड मॅप ठेवा, शीट चहाच्या थांब्यावर उघडा. आदल्या रात्री शीटवर मऊ पेन्सिलीने रस्ता गिरवून दोन्ही बाजूंना २-२ सेंमी, म्हणजे एकेक किमीतली नावं वाचून ठेवा. वळणाचं अंतर पट्टीने चुकतं. दोरा रस्त्यावर वळवत न्या, मग सरळ करून मोजा.

गावापुढचं 'खु.' म्हणजे खुर्द, धाकटं, 'बु.' म्हणजे बुद्रुक, थोरलं. हा भेद नाव पडलं तेव्हाचा, आज खुर्दच मोठं असू शकतं. इंग्रजी शीटवरचा उच्चार मैलाच्या दगडावरच्या मराठी नावाशी ताडून पाहा. ठिपक्याच्या आकारावरही जाऊ नका: मुरबाड-कर्जत रस्त्यावरचं म्हसा नकाशावर एवढंसं, पण पौष पौर्णिमेला तिथे जत्रा आणि गुरांचा बाजार भरतो. त्या दिवसांत त्या रस्त्याला वेळ हाताशी ठेवूनच जावं.

वाचायचं काम शेजारच्या सीटवरच्याचं, आणि घाटात तर त्यानेही नाही, मळमळतं. घडी घालताना ती गावाच्या नावावर पडणार नाही एवढं बघा. शाई आधी तिथलीच उडते.